गिअरबॉक्स उतरवण्याआधी

गाडी गॅरेजच्या दारात येते तेव्हा तिचं निदान तिच्याबरोबरच आलेलं असतं. “गिअर पडत नाही, क्लच प्लेट गेली.” मालक सांगतो, ड्रायव्हर मान डोलावतो आणि तोवर कोपऱ्यातला पोरगा जॅक ओढत आणायला लागलेलाही असतो. पुढचा अख्खा दिवस गिअरबॉक्स उतरवण्यात जातो. प्लेट बाहेर येते. ती जुनी असतेच, थोडी झिजलेलीही असते, म्हणजे नवी टाकायला कारण मिळतं. सगळं पुन्हा चढवून पेडल दाबावं, तर गिअर पहिल्यासारखाच करकरतो. मग कुणीतरी ड्रायव्हरच्या सीटखाली आडवं होऊन पेडलच्या मागे हात घालतं आणि हात ओला होऊन बाहेर येतो.

हात आधी घालावा आणि जॅक नंतर आणावा, एवढं पटवून देण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेइकल ट्रेडची मुलं, गॅरेजात नव्याने लागलेले हात आणि आपल्या गाडीच्या पोटात काय चाललंय हे जाणून घ्यायची हौस असलेले मालक, असे तीन वाचक डोळ्यांसमोर होते. तिसऱ्या वाचकाने प्रत्येक काम स्वतः करावं असा आग्रह नाही. पण काय करायला सांगायचं आणि कशाला नाही म्हणायचं, एवढं त्याला कळलं तरी गॅरेजातली निम्मी भांडणं मिटतील.

मारुती ८०० आणि अल्टोवर हात बसलेल्या पिढीला क्लच म्हणजे केबल. केबलचं सगळं उघड्यावर असतं. ती ताणते, तिचे पदर तुटायला लागतात, शेवटी ती तुटते. तुटली की मेकॅनिकला काही शोधावं लागत नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये हीच ताकद पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत द्रवाच्या खांद्यावरून जाते, आणि तो द्रव कुठे कमी पडला हे बाहेरून दिसेलच याची खात्री नसते. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात मांडलं. त्याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ साली दाबयंत्राचं पेटंट घेतलं. मोटारीत ते आधी ब्रेकला आलं. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने १९१७ साली त्याचं पेटंट मिळवलं आणि काही वर्षांतच ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांचे हायड्रॉलिक ब्रेक बसले. क्लचची पाळी नंतर आली. इतिहास एवढा पुरे, कारण आपल्याला खरं काम आहे ते हिशेबाशी.

तो हिशेब एकदा बोटांवर करून पाहावा. पेडल साधारण १५० मिमी खाली जातं. पेडलची तरफ पाचास एक धरली तर वरच्या सिलेंडरचा, म्हणजे मास्टरचा दट्ट्या ३० मिमी सरकतो. मास्टरचा व्यास ५/८ इंच आणि खालच्या सिलेंडरचा, म्हणजे स्लेव्हचा १३/१६ इंच धरा. ही जोडी बऱ्यापैकी रुळलेली आहे. क्षेत्रफळांचं गुणोत्तर १.७ च्या जवळ येतं, म्हणून स्लेव्हचा दट्ट्या १७-१८ मिमी पुढे येतो. तो फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या दाबतं. वाटेत प्रत्येक टप्प्यावर चाल घटते आणि जोर वाढतो. शेवटी प्रेशर प्लेट उचलली जाते ती जेमतेम दीड-दोन मिमी. क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांना मिळणारी मोकळीक त्याच्याही निम्मी. पायाखालच्या १५० मिमीचं एवढंच उरतं.

आता या सगळ्यात किती द्रव सरकला? मास्टरच्या दट्ट्याच्या क्षेत्रफळाला ३० मिमीने गुणलं की सहा मिलिलीटरच्या आसपास उत्तर येतं. चहाचा एक चमचा भरून थोडा सांडेल इतका. या सहा मिलिलीटरांत एक मिलिलीटर हवा शिरली तर दाबाखाली ती आकसून जवळजवळ नाहीशी होते आणि स्लेव्हची चाल सहाव्या हिश्श्याने कमी होते. दीड मिमीच्या उचलीतून सहावा हिस्सा गेला की प्लेट फ्लायव्हीलला घासतच राहते आणि रिव्हर्स टाकताना गिअर ओरडतो. रिव्हर्सच आधी ओरडतो, कारण बऱ्याच गाड्यांत त्याला सिंक्रोनायझर नसतो. तक्रार गिअरबॉक्सची वाटते आणि कारण असतं एका बुडबुड्याचं. हा एक हिशेब डोक्यात बसला तर पुस्तिकेतली पुढची प्रकरणं त्याची उदाहरणं म्हणून वाचता येतील.

हायड्रॉलिक क्लचचा दुसरा गुण मला जास्त आवडतो, आणि गॅरेजात त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या पाकळ्यांची टोकं बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात. बेअरिंग मागे, फोर्क मागे, स्लेव्हचा दट्ट्या आत, आणि तेवढा द्रव परत वरच्या डबीत. म्हणून केबलसारखं दर काही महिन्यांनी नट फिरवून ॲडजस्टमेंट करावी लागत नाही. याचाच दुसरा अर्थ असा की क्लच झिजताना डबीतली पातळी किंचित वर जाते. ब्रेकचं उलटं असतं. पॅड झिजले की पातळी उतरते. तेव्हा ज्या गाडीत क्लचची डबी वेगळी आहे, तिथे पातळी उतरली तर झिजेचं कारण चालणार नाही. द्रव कुठेतरी बाहेर गेलाय. “थोडं कमी झालं होतं, टॉपअप केलं” हे वाक्य सर्व्हिसच्या बिलावर वाचलं की मला पुढचा बिघाड दिसायला लागतो.

आता शोधायचं कुठे? मास्टर सिलेंडर सापडणं सोपं. तो पेडलच्या सरळ रेषेत, फायरवॉलच्या पलीकडे इंजिनच्या बाजूला बसवलेला असतो. त्याचा पुशरॉड फायरवॉलमधून आत येऊन पेडलला क्लेव्हिस पिनने अडकतो. बॉनेट उघडून ब्रेकचा मोठा सिलेंडर आणि बूस्टर ओळखा, त्याच्या शेजारी क्लच पेडलच्या बाजूला पाहा. मात्र तिथे छोटी स्वतंत्र डबी दिसेलच असं नाही. फोक्सवॅगन पोलो, व्हेंटो आणि अशा अनेक गाड्यांत क्लचला वेगळी डबी नसतेच. ब्रेकच्या डबीच्या कुशीतून, तळापासून चांगली वर, एक नळी निघून क्लचच्या मास्टरला जाते. ती वर ठेवण्यामागे विचार आहे. क्लचची लाइन फुटली तरी डबीतला ब्रेकच्या वाट्याचा द्रव शिल्लक राहावा. त्यामुळे अशा गाडीत क्लच अचानक गेला आणि डबी मात्र अर्धी भरलेली दिसली, तर “द्रव आहे की” म्हणून पुढे जाऊ नये. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली गेली आहे का ते पाहावं.

स्लेव्हच्या बाबतीत दोन घराणी आहेत, आणि आपली गाडी कुठल्या घराण्यातली हे आधी ठरवल्याशिवाय पान्याला हात लावू नये. पहिल्या घराण्यात तो बाहेर असतो, बेल हाउसिंगवर दोन बोल्टांनी बसवलेला, त्याचा रॉड रबरी बूटमधून फोर्कवर टेकलेला. टोयोटा इनोव्हा याच घराण्यातली. गाडी उचलून, वर धातूचा पाइप कुठून उतरतो, कुठे तो रबरी होजला जोडला जातो आणि होज कुठे संपते, असं बोटाने माग काढत गेलं की स्लेव्ह सापडतोच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि स्लेव्ह गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला असतो. तिथे खालून शोधण्यात अर्थ नाही. बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा काढा, तो समोर येतो. दुसऱ्या घराण्यात स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आतच असतो, इनपुट शाफ्टभोवती कड्यासारखा बसलेला, आणि रिलीज बेअरिंग त्याच्याच तोंडावर. रेनो डस्टर, फोर्ड इकोस्पोर्ट, शेव्हरले क्रूझ ही आपल्या रस्त्यांवरची ओळखीची नावं. इथे फोर्क नाही, बूट नाही, रॉड नाही. बाहेर दिसतो तो फक्त पाइपचा शेवट आणि एअर काढायचं निपल. या घराण्यात स्लेव्ह गेला की गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागतो, आणि म्हणूनच तो नक्की गेलाय का हे ठरवण्याची जबाबदारी इथे दुप्पट आहे.

निदानाचा पहिला फाटा असा: क्लच सुटत नाही की धरत नाही? या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि गिऱ्हाईक दोन्हींना “क्लच खराब” म्हणतं. पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, पडला तर गाडी पुढे ओढते, म्हणजे क्लच सुटत नाही. संशय हायड्रॉलिकवर. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं गुरगुरतं आणि घाटात गाडी मागे पडते, म्हणजे क्लच धरत नाही. इथे प्लेट, प्रेशर प्लेट किंवा प्लेटवर आलेलं तेल. द्रव कमी झाल्याने क्लच घसरत नाही. तो सुटायचा राहतो. एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ गिअरबॉक्स विनाकारण उतरणार नाहीत.

नियमाला अपवाद आहेत आणि ते माहीत नसले तर नियमच अंगावर येतो. मास्टरमध्ये डबीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल सोडलं की दट्ट्याने पूर्ण मागे येऊन ते उघडं ठेवायचं असतं. कुणी पुशरॉड जास्त लांब करून ठेवला, पेडलच्या माथ्याशी असायला हवी ती थोडीशी मोकळी चाल संपवली, तर छिद्र झाकलेलं राहतं. इंजिन तापलं की कोंडलेला द्रव फुगतो आणि पेडलला पाय न लावताही क्लच अर्धवट दाबला जातो. सकाळी ठीक, दुपारी घसरतो. दुसरा अपवाद रबरी होजचा. आतलं अस्तर सुटून त्याची झडप तयार होते. दाब खाली जातो, परत वर येत नाही. अशा वेळी निपल क्षणभर उघडलं आणि क्लच लगेच धरला, तर दोष वरच्या बाजूला आहे हे सिद्ध होतं. प्लेटचा काही संबंध नाही.

गळती वाचायला शिकणं हे या कामातलं सगळ्यात समाधानाचं कौशल्य. ड्रायव्हरच्या पायाशी मॅटिंग उचलून पाहा. पुशरॉडच्या बाजूने ओल असेल तर मास्टरचा मागचा सील गेला. बाहेरच्या स्लेव्हचा रबरी बूट हलकेच उचला. आत थेंब साठलेला असेल तर स्लेव्ह. खरी परीक्षा बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब दिसला की होते. तो इंजिनच्या मागच्या सीलमधून आला, गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून आला, की आतल्या स्लेव्हमधून? एका वाटीत पाणी घ्या आणि तो थेंब त्यात सोडा. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल पाण्यावर तरंगतं, रंगीत तवंग धरतं. गिअर ऑइलला शिवाय गंधकाचा उग्र वास असतो. ब्रेकचा द्रव पाण्यात मिसळून जातो, तवंग उरत नाही. वर्गात हा प्रयोग केला की मागच्या बाकावरची मुलंही पुढे येतात. त्याला लागते एक वाटी, आणि तो बारा-चौदा बोल्ट खोलायच्या आधी करायचा असतो.

गळती दिसत नसेल तर मोजायचं. एकदा एक टुरिस्ट इनोव्हा आमच्याकडे आली. ड्रायव्हर घाईत. “मास्तर, प्लेट टाकून द्या, उद्या नाशिकचं भाडं आहे.” मी एका मुलाला गाडीखाली स्टीलची पट्टी घेऊन पाठवलं आणि ड्रायव्हरलाच पेडल दाबायला सांगितलं. “दाबा... सोडा... परत दाबा.” खालून आवाज आला, “सर, सात मिमी.” त्याच मॉडेलच्या धडधाकट गाडीत याच्या दुपटीने चाल मिळते हे त्या मुलाला ठाऊक होतं, कारण मागच्याच आठवड्यात त्याने ती मोजली होती. मग पेडल धरून ठेवायला सांगितलं. रॉड हळूहळू मागे सरकत होता आणि वर पेडल पायाखालून बसत चाललं होतं. बाहेर एक थेंब नव्हता. द्रव मास्टरच्या आतल्या आत, दट्ट्याच्या रबरी कपच्या कडेने मागे जात होता. सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की पेडल आपोआप खाली जातं, ही तक्रार ड्रायव्हरनेही मग मान्य केली. आधी कुणी विचारलंच नव्हतं. वरचा सिलेंडर बदलला, एअर काढली, गाडी संध्याकाळी गेली.

पट्टीने उलटंही सिद्ध होतं. चाल पूर्ण मिळतेय आणि तरी गिअर पडत नाही, तर मग हायड्रॉलिक निर्दोष आहे. फोर्क वाकलाय, त्याचा पिव्हट झिजलाय, पाकळ्या तुटल्यात किंवा प्लेट चिकटलीय. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत, विशेषतः कोकणपट्टीत, प्लेट गंजून फ्लायव्हीलला धरते. ती गाडी उघडावीच लागेल असंही नाही, पण ते पुढच्या प्रकरणात.

वरचा की खालचा, हा वाद मिटवायला आणखी एक उपाय आहे. रबरी होज गोल जबड्याच्या होज क्लॅम्पने चिमटायची आणि पेडल दाबायचं. पेडल दगडासारखं कडक झालं तर मास्टर ठीक, दोष क्लॅम्पच्या खाली. तरीही बसत असेल तर मास्टर. पक्कडीने होज चिमटू नका, ती आतून फाटते. आणि प्लास्टिकच्या पाइपवर हा प्रयोग करूच नका.

द्रवाबद्दल थोडं विस्ताराने लिहावंच लागेल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉल वर्गातले आहेत, खनिज तेलाशी त्यांचं नातं नाही. डॉट ५ सिलिकॉनचा, आणि आकडा जवळचा म्हणून तो ५.१ च्या जागी ओतायचा नाही. ग्लायकॉलचा द्रव हवेतली ओल शोषतो. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. क्लचमध्ये तापमान ब्रेकइतकं चढत नाही, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण ओलीचं दुसरं काम शांतपणे चालूच राहतं. सिलेंडरच्या भिंतीला ती खड्डे पाडते, आणि कितीही नवा कप टाकला तरी त्या खड्ड्यांवरून तो घासत जातो. समुद्राकाठच्या हवेत झाकण अर्धवट लावलेली बाटली वर्षभर फळीवर ठेवून तीच वापरणारी गॅरेजं मी पाहिली आहेत. उघडी बाटली स्वस्त पडते हा भ्रम आहे. लहान बाटली घ्या, सील फोडा, काम झालं की उरलेलं टाकून द्या. आणि ते गटारात सोडू नका, जुन्या इंजिन ऑइलमध्येही मिसळू नका, वेगळ्या डब्यात जमा करा.

त्याहून मोठं पाप रॉकेलचं. आपल्याकडे खोललेला प्रत्येक पार्ट आधी रॉकेलच्या किंवा डिझेलच्या परातीत जातो. बेअरिंगला ते चालतं. क्लचच्या सिलेंडरला ते विष आहे. या सिलेंडरांतलं रबर खनिज तेलाच्या स्पर्शाने फुगतं, मऊ होतं आणि कपची धार जाते. दोन-चार दिवस पेडल उत्तम लागतं, मग कप सिलेंडरमध्ये अडकतो आणि पेडल वर येईना होतं. डबीत चुकून इंजिन ऑइल ओतलं गेलं तर तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. तेव्हा दोन्ही सिलेंडरांचं रबर आणि होजसुद्धा बदलावी लागते, आणि डबी ब्रेकशी सामायिक असेल तर ब्रेकचंही. धुवायचं ते ताज्या ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने. बसवताना साधं ग्रीस नको. रबरासाठीचं लाल ग्रीस मिळतं, तेच वापरा, नाहीतर नुसता ताजा द्रव लावा. कपची मोकळी ओठासारखी कड दाबाच्या बाजूला, हे प्रत्येक वेळी बोटाने चाचपून पाहा. उलटा बसलेला कप बाहेरून ओळखू येत नाही.

रबराचं किट टाकायचं की आख्खा सिलेंडर? गिऱ्हाईकाला किट आवडतं कारण ते स्वस्त, दुकानदाराला असेंब्ली आवडते कारण त्यात जास्त उरतं. दोघांचंही ऐकू नये, सिलेंडरच्या भिंतीचं ऐकावं. कोरड्या कपड्याने पुसून उजेडात धरा, नखाने आतून चाचपा. गुळगुळीत असेल तर किट चालेल. खड्डा किंवा उभी रेघ नखाला लागली तर किट म्हणजे पैसे आणि श्रम दोन्ही पाण्यात. ॲल्युमिनियमच्या सिलेंडरला पॉलिश पेपर मारून रेघ घालवण्याचा मोह होतो. भिंतीवरचा कडक थर त्यात निघून जातो आणि खालचा धातू महिनोगणती टिकत नाही. हल्लीचे प्लास्टिकचे मास्टर तर किट टाकायला बनवलेलेच नाहीत. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा कुर्ल्यात काय, पार्ट घ्यायला जाताना जुना नमुना आणि गाडीचा चासी नंबर दोन्ही घेऊन जा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक सिलेंडरचा व्यास बदललेला असू शकतो. बोल्ट जुळतात, पाइप जुळतो आणि चाल जुळत नाही. वर केलेला हिशेब तिथे कामाला येतो.

एअर काढण्यावर पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, आकृत्यांसह. इथे दोनच गोष्टी सांगतो. ब्रेकच्या सवयीने क्लचचं पेडल पंप करत सुटू नका. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक द्रवात बुडवा, पेडल सावकाश दाबून धरलं की निपल उघडा, बंद करा, मग पेडल सोडा. खाली चिकटून राहिलं तर हाताने वर ओढा. डबी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. आणि बाहेरच्या स्लेव्हची हवा हट्टीपणाने निघत नसेल, तर त्याचा रॉड हाताने हळूहळू आत दाबा. बुडबुडे वर डबीत येऊन फुटताना दिसतील. हवेची नैसर्गिक वाट वरची आहे आणि आपण तिला खाली ढकलत बसतो.

दुसरी गोष्ट धोक्याची. बाहेरचा स्लेव्ह बोल्ट काढून लोंबकळत असताना, किंवा आतल्या स्लेव्हचा गिअरबॉक्स अजून इंजिनला लागलेला नसताना, कुणीही पेडलला पाय लावता कामा नये. दट्ट्याला अडवणारं समोर काही नसतं. तो सुटून बाहेर येतो, सील कापला जातो आणि नवा पार्ट गाडीत बसण्याआधीच भंगारात जातो. स्टिअरिंगला “क्लच दाबू नये” अशी पाटी बांधा. वर्कशॉपमध्ये चहा घेऊन येणारा माणूसही सवयीने सीटवर बसतो आणि पाय पेडलकडे जातात.

आतल्या स्लेव्हसाठी गिअरबॉक्स उतरवला असेल तर मात्र कंजुषी करू नये. प्लेट, प्रेशर प्लेट, इंजिनचा मागचा सील, सगळं त्याच वेळी तपासा आणि संशय असेल ते बदला. उलटंही खरं: प्लेटसाठी उतरवलेल्या गाडीत जुना आतला स्लेव्ह तसाच ठेवला आणि तो वर्षाच्या आत गळला, तर मजुरी पुन्हा तेवढीच लागते. गिऱ्हाईकाला हे आधी सांगा, लिहून द्या, आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

सुरक्षेची यादी तिच्या जागी दिली आहे. जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, खाली घोडे लावायचे आणि चाकांना अटकाव करायचा. द्रव डोळ्यांत गेला तर भरपूर पाण्याने धुवायचे आणि डॉक्टरांकडे जायचं. रंगावर सांडला तर लगेच पाणी ओतायचं, नाहीतर रंगाचे पापुद्रे सुटतात. क्लचची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, ओल्या कपड्याने पुसायची. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं.

या पुस्तिकेतली मापं समजावून सांगण्यासाठी आहेत. मोकळी चाल किती, बोल्ट किती आवळायचा, कुठला डॉट, याचा शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलचा आणि डबीच्या झाकणावर छापलेल्या अक्षरांचा. तिथे आणि इथे फरक दिसला तर तिथलं खरं माना. शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात बिघडलेली गाडी दाखवण्याआधी दोन-तीन चांगल्या गाड्यांची स्लेव्हची चाल मुलांकडून मोजून घ्या आणि वहीत लिहून ठेवायला सांगा. आणि ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांनी पहिलं प्रकरण उघडण्याआधी बॉनेट उघडावं, क्लचची डबी वेगळी आहे की ब्रेकशी सामायिक ते पाहावं आणि आजची पातळी पेनाने खूण करून ठेवावी.